बिगोनिया सोलापुरात जगतो, सल्ला मात्र सोलापूरचा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात होटगी रोडच्या एका भगिनींचे पत्र वाचले. दिवाळीत हौसेने आणलेला गुलाबी बिगोनिया महाशिवरात्रीच्या आतच गेला. पुरवणीत छापून आले होते तसे त्यांनी रोज पानांवर पाणी फवारले, एक दिवसाआड कुंडीत पाणी घातले, तरी देठ बुडाशी मऊ पडून झाड आडवे झाले. शेवटी त्यांनी लिहिले आहे की हे झाड सोलापूरच्या हवेचे नाही, कोणी त्यात पैसे घालू नयेत. ते वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र. त्यात दोष ना झाडाचा आहे, ना त्या ताईंचा.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, होतो. आता निवृत्त आहे. घर अशोक चौकाच्या पलीकडे, दोन खोल्या आणि पूर्वेला उघडणारी एक अरुंद गॅलरी. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण वाचन सगळे मराठीत, आणि आपल्या पुरवणीतले बागकामाचे पान मी कात्री लावून ठेवतो. त्या पानावर प्रेम आहे म्हणूनच सांगतो, त्यातला बराचसा सल्ला दमट, सौम्य हवेच्या गावाला धरून लिहिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पाऊस बेताचा आणि तोही बराचसा सप्टेंबरात पडतो, नळाला पाणी काही दिवसांआड येते. अशा गावात बिगोनिया कसा ठेवायचा हे वेगळे सांगावे लागते.

पहिली गोष्ट, हातात आलेला बिगोनिया कोणता ते माहीत हवे. या कुळात दोन हजारांच्या वर जाती आहेत आणि सगळ्यांचा स्वभाव एक नाही. ताईंनी वर्णन केलेले झाड, गुलाबासारखी भरगच्च फुले, चकचकीत हिरवी पाने, हे बहुतेक रीगर असणार. दिवाळीपासून हातगाडीवर आणि रोपवाटिकांत हेच जास्त दिसते, कारण दुकानात उठून दिसते. त्याचे मूळ समजले की त्याचे वागणे समजते. अरबी समुद्रात सोकोत्रा नावाचे बेट आहे. तिथला एक बिगोनिया आयझॅक बेली बाल्फोर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८८० मध्ये इंग्लंडकडे नेला. तो हिवाळ्यात फुलतो आणि कडक उन्हाळा बुडाशी बारीक गड्ड्या करून झोपून काढतो. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागांतल्या गड्डेवाल्या बिगोनियांशी त्याचा संकर झाला आणि पुढे जर्मनीत ऑटो रीगर यांनी त्या घराण्यातून आजचे हे वाण काढले. दिवस लहान झाले की त्याला कळ्या येतात. म्हणजे आपला कार्तिक ते माघ हाच त्याचा बहर. फाल्गुनात तो थकला, फुले कमी झाली, पाने निस्तेज झाली तर तो मेला असे समजून पाण्याचा मारा करू नये. उलट पाणी कमी करावे, फांद्या बुडापासून तीन-चार इंचांवर छाटाव्यात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावे. तरीही खरे सांगायचे तर सोलापूरचा उन्हाळा रीगर झेलतोच असे नाही. ज्यांना तीन-चार महिने घरात रंग हवा त्यांनी तो खुशाल आणावा. कायमचा सोबती हवा असेल तर दुसरा निवडावा.

तो दुसरा म्हणजे वॅक्स बिगोनिया. बुटका, गोल, मेण फासल्यासारखी गुळगुळीत पाने, फुले छोटी पण जवळजवळ वर्षभर. यात तांबूस-तपकिरी पानांचा प्रकार हिरव्या पानांच्या प्रकारापेक्षा ऊन जास्त सोसतो, म्हणून आपल्याकडे मी तोच सुचवतो. आणि त्याहून काटक म्हणजे बांबूसारख्या पेरांची उंच खोडे आणि पंखासारखी लांब पाने असलेला, ज्याला रोपवाटिकेत एंजल विंग म्हणतात. पानांवर चांदीसारखे ठिपके असलेली एक जात यातच येते. फुलांचे घोस खाली लोंबतात. माझ्या गॅलरीतला सर्वांत जुना बिगोनिया हाच आहे. रंगीत पानांचा रेक्स मूळचा आपल्याच ईशान्य भारतातला, देखणा खरा, पण त्याला इतका दमटपणा लागतो की सोलापुरात नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता पाणी. बिगोनिया मरतो तो बहुधा पाण्यानेच, आणि कमी पाण्याने नव्हे. त्याची मुळे केसासारखी बारीक असतात आणि वरच्या थरात पसरतात. त्यांना ओल हवी तशी हवाही हवी. माती सतत चिंब राहिली की ती तपकिरी होऊन कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे भरल्या कुंडीत झाड मलूल पडते. पाहणाऱ्याला वाटते तहानले आहे, तो आणखी पाणी घालतो. ताईंच्या झाडाचे हेच झाले असावे. म्हणून मान टाकलेले झाड दिसले की आधी बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घालावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओले लागले तर कुंडीला हात लावू नये. मी कुंडी उचलूनही बघतो. भिजलेल्या आणि वाळलेल्या कुंडीच्या वजनातला फरक काही दिवसांत हाताला कळायला लागतो, मग बोटही घालावे लागत नाही. थंडीत घरातली कुंडी चार-पाच दिवस ओली राहू शकते, एप्रिलमध्ये तीच रोज सुकते. तेव्हा 'एक दिवसाआड' हे वेळापत्रक कोणत्याच महिन्याला लागू पडत नाही.

यात सोलापूरची आपली एक सवय आहे. नळाला पाणी आले की आपण घागरी, पिंप, टाकी भरतो आणि त्याच उत्साहात सगळ्या कुंड्यांनाही तांब्या-तांब्या ओततो, कारण पुढचे पाणी कधी याची खात्री नसते. जास्वंदीला, तुळशीला ते चालून जाते. बिगोनियाला चालत नाही. त्याच्यासाठी एक बादली वेगळी भरून झाकून ठेवावी आणि लागेल तेव्हाच द्यावे. साठवलेले पाणी खोलीच्या तापमानाला येते, त्यातला क्लोरीनचा वासही कमी होतो, हा त्यातला फायदा.

बोअरचे पाणी मात्र शक्यतो टाळावे. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी जड असते. मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की समजावे, क्षार मातीतही साठले आहेत. पानांच्या कडा करपतात त्याचे एक कारण हेही असते. त्याहून वाईट म्हणजे आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी. पाणी वाचवायचे म्हणून आमच्या शेजारच्या बऱ्याच घरांत ते झाडांना घालतात. हेतू चांगला आहे, पण मशीनने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरावे, बिगोनियाला कधीही देऊ नये. सगळ्यांत उत्तम ते पावसाचे. पत्र्यावरचे पहिले धुवण जाऊ द्यावे आणि नंतरचे पाणी पिंपात धरावे, वर घट्ट झाकण हवे, नाहीतर डासांची पैदास होते.

माती हा पाण्याचाच पुढचा भाग. रोप दुकानातून येते तेव्हा ते कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असते. घरी आणल्यावर माणसे ते 'चांगल्या' मातीत लावतात, आणि आपली चांगली माती म्हणजे काळी माती. ज्वारीला ती सोन्यासारखी आहे. कुंडीत ती भिजली की लोण्यासारखी चिकटते, वाळली की भेगा पडून मुळे तोडते. बिगोनियाच्या कुंडीत काळी माती मुळीच घालू नये. मी निम्मे कोकोपीट, पाव भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग चाळलेला विटांचा चुरा घेतो. वाळू घ्यायची तर जाड आणि धुतलेली. कुंडी लहान आणि उथळ, बुडाला मोकळे भोक. रोप छोटे आणि कुंडी मोठी असली की मुळे नसलेल्या भागातली माती ओलीच राहते आणि कुज तिथूनच सुरू होते. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले तर वरून घातलेले पाणी कडेने निसटून जाते, आत ओलच जात नाही. तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्याच्या परातीत ठेवावी, ती खालून पाणी पिते, नंतर निथळून जागेवर ठेवावी.

हवेतल्या ओलाव्याबद्दल मी थोडे अधिकाराने बोलू शकतो. मागावर काम केलेल्या माणसाच्या अंगाला ओलावा कळतो. मार्च लागला, हवा कोरडी झाली की ताण्याचे धागे तटातट तुटू लागतात, माग थांबतो, कामगार वैतागतो. मग आम्ही शेडमध्ये फरशीवर पाणी मारायचो, गोणपाटे भिजवून टांगायचो. सुतावर थेट पाणी कधी मारले नाही, ओली करायची ती भोवतालची हवा. बिगोनियाचे अगदी तसेच आहे. पानांवर रोज फवारा मारला तर पाने ओली राहतात, त्यांवर डाग पडतात, कळ्या सडतात, आणि हवा तर घटकेत पुन्हा कोरडी. फवाऱ्याऐवजी पसरट ताटात वाळूगोटे घालून त्यात पाणी ठेवावे आणि कुंडी गोट्यांवर ठेवावी. तिचे बूड पाण्याला टेकता कामा नये. दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर एकमेकींना ओलावा देतात. पिण्याच्या पाण्याचा माठ ज्या कोपऱ्यात पाझरतो तो कोपरा बिगोनियाला फार मानवतो. वाळ्याचा पडदा किंवा कूलर असलेली खोली तर उन्हाळ्यात त्याची सर्वांत चांगली जागा. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ नये, त्याच खोलीत बाजूला असावा. एसीची खोली गार असते पण कोरडी, तिथे पानांच्या कडा लवकर वाळतात.

उन्हाबाबत थोडक्यात. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. थंडीत सकाळचे कोवळे ऊन वॅक्स बिगोनियाला हवेच असते, त्याशिवाय फुले येत नाहीत, नुसता लांबोळा वाढतो. होळी झाली की कुंडी खिडकीपासून दोन-तीन फूट आत घ्यावी किंवा पातळ पडदा लावावा. पश्चिमेच्या खिडकीत सोलापुरात बिगोनिया ठेवूच नये. दुपारी चारचे ऊन काचेतून आले तरी पान एका दिवसात कागदासारखे होते. स्लॅबवरच्या पत्र्याखालीही नको, तिथे रात्रीसुद्धा धग असते, आणि बिगोनियाला रात्रीचा गारवा फार लागतो.

एप्रिल-मे-जूनमध्ये त्याच्याकडून फुलांची अपेक्षा करू नये, खत तर मुळीच देऊ नये. जगवणे एवढेच काम. आपल्या सह्याद्रीच्या घाटांतही पावसाळ्यात ओल्या खडकांवर फिक्या गुलाबी फुलांचा रानटी बिगोनिया उगवतो. पाऊस सरला की तो वरून पूर्ण नाहीसा होतो आणि जमिनीतल्या बारीक गड्ड्यावर उन्हाळा काढतो. घाटातल्या झाडाला जे जमत नाही ते आपल्या गॅलरीतल्या झाडाकडून का मागावे? पहिले दोन-तीन पाऊस होऊन हवा निवली की नवी पालवी येते. त्यानंतर आणि पुन्हा थंडीत, १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले, पाण्यात विरघळणारे खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. शेतकरी कुटुंबांत ते घरी असतेच. जास्त दिले तर पाने माजतात आणि फूल दिसत नाही.

रोगांत मोठा त्रास भुरीचा. नान्नजकडच्या द्राक्षबागायतदारांना ती वेगळी सांगायला नको. बिगोनियाच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात आणि पसरत जातात. तिला पान ओलेच असावे लागते असे नाही. गार रात्र, दाटीवाटी आणि कोंदट जागा पुरते. दिसताक्षणी ती पाने खुडून घराबाहेर टाकावीत, कुंड्यांत अंतर ठेवावे, खिडकी उघडी ठेवावी. फारच पसरली तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, आधी एकाच पानावर मारून दोन दिवस पाहावे. तापमान तिशीच्या वर असेल तर गंधकाने पाने भाजतात, म्हणून उन्हाळ्यात ते वापरू नये. पेराच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावा.

ताईंच्या पत्रात आणखी एक ओळ होती, की रोज सकाळी कुंडीखाली ताजी फुले गळून पडलेली दिसत आणि जीव तुटत असे. त्यांनी आणि इतरांनीही एकदा ते गळलेले फूल हातात घेऊन पाहावे. बिगोनियाच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. वॅक्स बिगोनियाच्या नर फुलाला बहुधा चार पाकळ्या, दोन मोठ्या आणि दोन अगदी अरुंद, मधे पिवळ्या केसरांचा झुपका, आणि मागे नुसता बारीक देठ. मादी फूल उलटे करून पाहिले तर पाकळ्यांच्या मागे तीन पंख असलेली फिकट हिरवी-गुलाबी पेटी दिसते, तीच बियांची. मधला पिवळा भाग पीळ घातलेल्या दोऱ्यासारखा असतो. नर फुले आपले काम झाले की टवटवीत असतानाच गळतात. मादी फुले मागे बराच काळ टिकतात. तेव्हा सकाळी कुंडीखाली पडलेली चार पाकळ्यांची फुले हे रोगाचे लक्षण नाही. मात्र ती मातीवर पडून राहू देऊ नयेत, रोज वेचावीत, ओल्या मातीवर त्यांना बुरशी धरते आणि ती खोडाला लागते. कळ्याच न उघडता गळत असतील तर मात्र हवा कोरडी आहे किंवा मुळांशी पाणी साचले आहे असे समजावे.

उन्हाळ्याआधी प्रत्येक बिगोनियाची दोन-तीन छाटकलमे करून ठेवावीत, म्हणजे मोठे झाड दगावले तरी वंश राहतो. फूल नसलेली कोवळी फांदी, पेराच्या खाली कापून, खालची पाने काढून पाण्याच्या पेल्यात उजेडात ठेवावी, पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे. साधारण तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसतात. ती बोटाच्या अर्ध्या पेराएवढी झाली की लगेच लहान कुंडीत लावावी. हे काम आता, फाल्गुन संपायच्या आत उरकावे. घरात मांजर किंवा कुत्रे असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. या झाडात ऑक्झलेट नावाचा दाहक क्षार असतो, चावले तर त्यांच्या तोंडाची आग होते.

संपादक महोदय, माझी आपल्याला विनंती आहे की बागकामाच्या पानावर महिन्यातून एकदा तरी सोलापूर जिल्ह्याच्या हवेला धरून मजकूर द्यावा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळ्याची तयारी, जूनमध्ये कुंडी बदलणे, ऑक्टोबरात काय आणावे, असा. लिहिणारी माणसे इथेच मिळतील. आपल्या जिल्ह्यात घराघरांत झाडे कळणारे शेतकरी आहेत, केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, कृषी शाखेची मुले-मुली आहेत.

रोपे विकणाऱ्या बंधूंनाही एक सांगणे. कुंडीला 'रीगर', 'वॅक्स' किंवा 'एंजल विंग' एवढे एका चिठ्ठीवर लिहून लावा आणि विकताना सांगा की हे हिवाळ्यापुरते आहे की वर्षभराचे. शंभर-दीडशे रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे, आणि ज्याचे झाड जगले तो पुढच्या दिवाळीत तुमच्याकडेच परत येतो.

त्या ताईंना माझी कळकळीची विनंती, एवढ्यात हात टेकू नका. येत्या पावसाळ्यात तांबूस पानांचा एक वॅक्स बिगोनिया आणा, काळी माती टाळा, पूर्वेकडे ठेवा आणि बोट मातीत घातल्याशिवाय पाणी देऊ नका.

आपला,
एक निवृत्त जॉबर
अशोक चौक परिसर, सोलापूर